रथवीथीतील दिवे आणि पाट्या

तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराच्या भिंतींवर चोळ राजांच्या काळचे जे शिलालेख आहेत, त्यांत दिव्यांचा हिशेब मोठ्या काटेकोरपणे नोंदविलेला आढळतो. मंदिरात एक नंदादीप अखंड तेवत राहावा म्हणून दात्याने ९६ मेंढ्या, किंवा ४८ गाई, किंवा १६ म्हशी द्यावयाच्या. हे पशू ज्या मेंढपाळाच्या वा गुराख्याच्या स्वाधीन होतील, त्याने त्यांच्या मोबदल्यात दररोज एक उळक्कु तूप मंदिरास पोचते करावयाचे, असा तो करार असे. उळक्कु हे त्या प्रदेशातील एक लहानसे माप होय. मंदिर १०१० साली पुरे झाले. दिवा लावणे सोपे असते, पण तो पुढील वर्षीही त्याच वेळी लागेल अशी तजवीज करणे अवघड असते, ही गोष्ट राजराज चोळाच्या कारभाऱ्यांस चांगली ठाऊक होती असे दिसते. आजच्या नगरपालिकांच्या निविदांत खांबांची संख्या असते, दिव्यांचे वॅट असतात. तूप कोण पुरविणार याचा उल्लेख मात्र पुष्कळदा राहून जातो.

त्याच मंदिराच्या भिंतींवर आणखी एक लेख आहे आणि तो मराठी वाचकास विशेष जवळचा वाटेल. दुसऱ्या सरफोजी राजांच्या आज्ञेने १८०३ साली कोरलेला भोसले घराण्याचा हा इतिहास मराठीत आहे, आणि मराठीतील सर्वांत मोठ्या शिलालेखांत त्याची गणना होते. तो वाचावयाचा तर भिंतीजवळ उभे राहून, सावकाश, दिवसाच्या उजेडात वाचावा लागतो. शिलालेखास ते शोभते, कारण त्याचा वाचक थांबलेला असतो. रस्त्यावरील पाटीचा वाचक थांबलेला नसतो. तो गर्दीतून वाट काढीत असतो, त्याच्या हातात गाठोडे असते, लिपी त्याच्या परिचयाची असेलच असे नाही, आणि रात्र झालेली असते. त्यास ती पाटी दिसते की नाही, हे जवळचा दिवा कोठे उभा आहे यावर अवलंबून असते. असे असूनही दिवे एक खाते लावते, पाट्या दुसरे खाते लावते, आणि दोघांची गाठ बहुधा खांब उभे राहिल्यानंतरच पडते. हे दोन्ही विषय एकाच नकाशावर का आखावे लागतात, हे कावेरीच्या त्रिभुज प्रदेशातील गावांच्या उदाहरणाने या पुस्तिकेत पाहावयाचे आहे.

तंजावरच्या जुन्या मध्यवस्तीत राजवाडा, सरस्वती महाल ग्रंथालय, बाजारपेठ आणि जुना बसतळ असा सारा पसारा पायी हिंडण्याजोग्या अंतरात आहे. पूर्व, दक्षिण, पश्चिम आणि उत्तर या दिशांच्या चार राजवीथी हा या वस्तीचा सांगाडा होय. मंदिराचा रथ याच वीथींतून फिरतो. शंभरएक वर्षे बंद पडलेली बृहदीश्वराची रथयात्रा २०१५ साली पुन्हा सुरू झाली. कुंभकोणम्, तिरुवारूर, मायिलाडुदुरै या गावांची रचनाही थोड्याफार फरकाने अशीच आहे: मध्ये देऊळ, जवळ तळे आणि भोवती रथाच्या मापाने आखलेले चार रस्ते. त्या रस्त्यांवर आज बसगाड्या, मोटारसायकली, फुलांच्या टोपल्या आणि रेशमी साड्यांची दुकाने यांची गर्दी असते. तंजावरास २०१४ साली महानगरपालिका मिळाली आणि २०१६ साली केंद्र सरकारच्या स्मार्ट शहरांच्या यादीत त्याचे नाव आले. रस्ते, दिवे आणि फलक यांचे नियोजन अशा वेळी नव्याने करावयाचे असते.

या प्रदेशातील विजेच्या दिव्यांचा इतिहास कावेरीचाच इतिहास आहे, असे म्हणावयास हरकत नाही. कावेरीवरच्या शिवनसमुद्र येथील विद्युत्केंद्र १९०२ साली कोलारच्या सोन्याच्या खाणींसाठी सुरू झाले आणि त्याच विजेवर १९०५ साली बंगलोरच्या रस्त्यांवर दिवे लागले. पुढे मेट्टूर येथे धरण झाले व १९३७ साली तेथे वीज निर्माण होऊ लागली. जे पाणी त्रिभुज प्रदेशातील भातखाचरांत उतरते, तेच वाटेत जनित्रे फिरवून येते.

आता उजेडाच्या मापाकडे वळू. उजेड किती पडतो हे मोजण्याचे एकक लक्स हे होय. एका साध्या मेणबत्तीपासून एक मीटर अंतरावर तिच्याकडे तोंड करून धरलेल्या कागदावर जो उजेड पडतो, तो सुमारे एक लक्स. भर दुपारच्या उन्हात जमिनीवर लाखाच्या घरात लक्स असतात; पौर्णिमेच्या चांदण्यात पाव लक्सच्या आसपास. ऊन आणि चांदणे यांत असे काही लाखांच्या पटीचे अंतर असते, आणि तरीही माणूस दोहोंतही वाट चालू शकतो. डोळ्याच्या या विलक्षण शक्तीमुळेच रस्त्यावरील उजेडाच्या बाबतीत फसगत होते. डोळा उजेडाचे मोजमाप करीत नाही, तुलना करतो. भारतीय मानक क्रमांक १९४४ (हा क्रमांक आहे, साल नव्हे) सार्वजनिक रस्त्यांच्या प्रकाशाविषयी आहे. त्यात वेगवान रहदारीच्या प्रमुख रस्त्यांना सरासरी ३० लक्स, इतर मुख्य रस्त्यांना १५, बाजारपेठेसारख्या वर्दळीच्या दुय्यम रस्त्यांना ८ आणि तुरळक रहदारीच्या रस्त्यांना ४ लक्स उजेड सुचविला आहे. पण मानक तेवढ्यावर थांबत नाही. रस्त्यावरील सर्वांत कमी उजेडाची जागा सरासरीच्या किती पट असावी, हेही ते सांगते: मुख्य रस्त्यांवर किमान ०.४ आणि दुय्यम रस्त्यांवर किमान ०.३. ही दुसरी अट पहिलीपेक्षा महत्त्वाची आहे आणि तीच अधिक वेळा विसरली जाते.

ती का महत्त्वाची, हे शाळेतील भूमितीने कळण्यासारखे आहे. आठ मीटर उंच खांबावर एक दिवा आहे आणि तो सर्व दिशांना सारखाच प्रकाश टाकतो, असे समजा. पुढील खांब तीस मीटरांवर आहे. मग दोन खांबांच्या बरोबर मध्यावरची जागा प्रत्येक खांबाच्या पायथ्यापासून पंधरा मीटर दूर असेल, आणि दिव्यापासून तिचे अंतर, पायथागोरसच्या सिद्धान्ताप्रमाणे, सतरा मीटर होईल. प्रकाश अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात उणावतो. शिवाय तो मध्यावर तिरपा येऊन पडतो, त्यामुळे तेवढाच झोत अधिक जमिनीवर पसरतो. दोन्ही गोष्टी हिशेबात धरल्या, तर मध्यावर एका दिव्याचा उजेड खांबाखालच्या उजेडाच्या एक-दशांश भरतो आणि दोन्ही दिव्यांचा मिळून एक-पंचमांश. खांबांच्या रेषेवर मानकाची कसोटी एवढ्याने जेमतेम साधते. आता तेच दिवे, त्याच अंतरावर, चार मीटरांच्या शोभिवंत खांबांवर लावले तर काय होईल? मध्यावरचा उजेड खांबाखालच्या उजेडाच्या सुमारे एक-तिसांश उरतो. खांबाखाली लख्ख प्रकाश आणि मध्ये काळोखाचे डबके, असा तो रस्ता होतो. जुन्या गावाला शोभावेत म्हणून नक्षीचे बुटके खांब निवडले जातात आणि खर्च वाचावा म्हणून त्यांतील अंतर मात्र उंच खांबांचेच ठेवले जाते. खांब निम्मा उंच करावयाचा तर अंतरही निम्मे करावे लागते, म्हणजे खांब दुप्पट लागतात. हे अंदाजपत्रकात आधीच धरलेले बरे. दुसरा उपाय दिव्याच्या घडणीचा. चांगला रस्त्याचा दिवा सर्व दिशांना सारखा प्रकाश टाकीत नाही. सरळ खाली तो थोडा आणि दोन्ही बाजूंस तिरपा पुष्कळ प्रकाश टाकतो, आणि क्षितिजाच्या जवळपास तो जवळजवळ बंद असतो.

क्षितिजाजवळचा प्रकाश बंद असावा असे म्हणण्याचे कारण डोळे दिपणे हे आहे. जो प्रकाश सरळ डोळ्यांत येतो तो जमिनीच्या कामी येत नाही. उलट बाहुली आकुंचित करून तो शेजारचा काळोख अधिक गडद करतो. एलईडी दिव्यांचा उगम लहान आणि प्रखर असल्यामुळे हा दोष त्यांत विशेष जाणवतो. देशभर रस्त्यांवर एलईडी दिवे बसविण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१५ साली सुरू झाला आणि उजेड एकदम स्वस्त झाला. स्वस्त वस्तूची उधळपट्टी होते तशी त्याचीही झाली. मंदिरांच्या गावात या गोष्टीला विशेष महत्त्व आहे, कारण तेथील पादचाऱ्यांत वृद्धांची संख्या मोठी असते. वयाबरोबर बाहुली लहान राहू लागते आणि डोळ्यातील भिंग पिवळसर होते. साठ वर्षांच्या माणसाच्या दृष्टिपटलापर्यंत वीस वर्षांच्या तरुणाच्या मानाने सुमारे एक-तृतीयांशच प्रकाश पोचतो. शिवाय त्या धूसर भिंगात झोत विखुरतो, त्यामुळे उघड्या दिव्याचा त्रास वृद्धांना अधिक होतो. त्यांच्यासाठी उजेड वाढवावा लागेल हे खरे, परंतु तो झाकलेल्या, खाली वळविलेल्या दिव्यांनी वाढवावा लागेल. देवळाच्या दारातील उंचवटा आणि पायरी यांवर उजेड आधी पडला पाहिजे, आणि पायरीची कड पांढऱ्या पट्ट्याने दाखविली तर थोड्या उजेडातही पुष्कळ काम होते.

रंगाचा प्रश्न बाजारपेठेत उभा राहतो. सोडियमच्या कमी दाबाच्या दिव्यात जवळजवळ एकाच तरंगलांबीचा पिवळा प्रकाश असतो. त्यात लाल साडी काळपट दिसते आणि कुंकवाचा रंग ओळखू येत नाही. जास्त दाबाचे सोडियम दिवे त्याहून बरे, पण रंगांच्या बाबतीत तेही दुबळेच. कुंभकोणम्‌जवळच्या तिरुभुवनम्‌चे रेशीम घेणारी गिऱ्हाईक बाई साडी दुकानाच्या दारात आणून का पाहते, ते यावरून उघड आहे. पांढऱ्या एलईडीत रंग खरे दिसतात. परंतु पांढरा म्हणजे निळसर पांढरा असे नव्हे. निळसर प्रकाश हवेत अधिक विखुरतो, कीटकांना अधिक खेचतो, आणि ग्रॅनाइटचे उबदार तपकिरी दगड त्यात निर्जीव दिसतात. राजवीथीसाठी किंचित पिवळसर पांढरा, तीन हजार केल्व्हिनच्या आसपासचा प्रकाश अधिक योग्य होय. गावाच्या सीमेवर, जेथे शेवटच्या खांबानंतर लगेच भातखाचर सुरू होते, तेथे आणखी एक काळजी घ्यावी लागते. भाताच्या पुष्कळ जाती दिवस लहान होऊ लागले म्हणजे ओंबी धरतात. रात्रभर दिव्याच्या उजेडात राहिलेल्या रोपांना रात्र झाली हे कळत नाही आणि त्यांची निसवण लांबते. खोडकिड्याचे पतंग आणि तुडतुडेही दिव्याकडे येतात. खाचराच्या बाजूने दिव्याला एक पत्र्याचा आडोसा लावला, तर शेतकऱ्याचे बरेचसे नुकसान टळते.

इथवर जे सांगितले ते कोणत्याही शहरास लागू पडेल. त्रिभुज प्रदेशातील गावांचे वेगळेपण रथामुळे येते. तिरुवारूरचा आळी तेर हा सजविल्यावर ९६ फूट उंच होतो आणि त्याचे वजन ३०० टनांच्या आसपास असल्याचे सांगतात. इतर गावांचे रथ एवढे मोठे नसले तरी रस्त्यावरून जाणाऱ्या कोणत्याही गाडीपेक्षा उंच असतात. १९५६ सालच्या भारतीय वीज नियमांनी रस्ता ओलांडणाऱ्या तारांची जमिनीपासूनची किमान उंची ठरवून दिली: कमी दाबाच्या तारांस ५.८ मीटर आणि उच्च दाबाच्या तारांस ६.१ मीटर. चार मीटर उंचीच्या बसगाडीस एवढी मोकळीक पुरेशी आहे. रथास मुळीच नाही. त्यातही रस्त्यावर दर वेळी जुना थर न खरवडता पाच सेंटिमीटरांचा नवा थर चढविला, तर सहा वेळांत तार तीस सेंटिमीटर खाली आल्यासारखी होते, आणि तारेकडे कोणी हातही लावलेला नसतो.

तंजावरजवळच्या कळिमेडू या गावी २७ एप्रिल २०२२ रोजी पहाटेच्या अंधारात अप्परस्वामींच्या उत्सवाचा रथ ओढला जात असता त्याच्या वरच्या भागाचा उच्च दाबाच्या तारेला स्पर्श झाला आणि ११ माणसे प्राणास मुकली. मृतांत मुलेही होती. तो गावातील लहानसा रथ होता. मोठ्या देवळांच्या रथयात्रेच्या दिवशी वीज बंद ठेवण्याची जी शिस्त असते ती प्रत्येक खेड्यातील प्रत्येक उत्सवापर्यंत पोचतेच असे नाही. म्हणून नियोजनाचा आरंभ दिव्यापासून नव्हे, रथापासून करावयास पाहिजे. गावातील प्रत्येक रथ आणि चप्पर सजावटीसह मोजावे. त्यांचा मार्ग, वळणे आणि वळताना कळसाचा होणारा झोल नकाशावर काढावा. त्या पट्ट्यात वरून जाणारी एकही तार राहू नये. केबल जमिनीखालून न्यावी हे उत्तम. दिवे खांबांऐवजी घरांच्या भिंतींवर, मागे वळविता येतील अशा बाहूंवर बसवावेत. युरोपातील जुन्या गावांत रस्त्यावर आडव्या तारा ताणून मध्यभागी दिवे टांगण्याची पद्धत आहे आणि ती दिसावयास सुंदर असते. छायाचित्रे पाहून तिचा मोह पडणे साहजिक आहे. पण रथवीथीत तिला जागा नाही.

मंदिरावरील प्रकाशाविषयी थोडे विवेचन आवश्यक आहे. बृहदीश्वराच्या विमानाची सावली जमिनीवर पडत नाही, अशी आख्यायिका प्रसिद्ध आहे. सावली अर्थातच पडते. विमान सुमारे साठ मीटर उंच आणि पायथ्याशी सुमारे तीस मीटर रुंद आहे, म्हणजे त्याच्या बाजू फार खड्या आहेत. आणि तंजावर विषुववृत्तापासून अकरा अंशांच्या आतच असल्यामुळे वर्षातील अर्ध्याहून अधिक दिवस भर माध्यान्ही सूर्य इतका डोक्यावर असतो की सावली विमानाच्या स्वतःच्या अंगावरच मावते. डिसेंबरात मात्र माध्यान्हीही ती पायथ्याच्या बाहेर पंचवीसएक मीटर जाते, आणि सकाळ-संध्याकाळी तर बाराही महिने लांबवर पसरते. या आख्यायिकेत प्रकाशयोजकासाठी एक उपयुक्त गोष्ट दडलेली आहे. कोरीव काम दिसते ते सावल्यांमुळे. समोरून, दुरून आणि सर्व बाजूंनी सारखा झोत टाकला तर कोनाडे आणि मूर्ती सपाट होऊन जातात. एका बाजूने, तिरपा आणि मंद प्रकाश टाकला तर दगड बोलू लागतो. दुसरी गोष्ट तुलनेची. विमान उजळ दिसावे असे वाटत असेल तर त्याच्यावरील दिवे वाढविण्याआधी समोरच्या दुकानांचे आणि जाहिरातींचे दिवे कमी करावेत. डोळा तुलना करतो हे वर आलेच आहे. शेजार अर्ध्यावर आणला तर तेवढ्याच झोतात विमान पहिल्यापेक्षा उठून दिसते, आणि खर्चही होत नाही. संरक्षित स्मारकापासून १०० मीटरांपर्यंत बांधकामास मनाई आणि त्यापुढे २०० मीटरांपर्यंत नियंत्रण, अशी कायद्यातील तरतूद २०१० सालापासून आहे. बांधकामावर असे बंधन आहे. उजेडावरही असेच बंधन घातले पाहिजे.

आता पाट्यांकडे. अक्षर किती मोठे असावे, याचे उत्तर डोळ्याच्या डॉक्टरांच्या तक्त्यात आहे. हर्मान स्नेलन याने १८६२ साली तयार केलेल्या तक्त्याप्रमाणे निरोगी डोळा डोळ्याशी पाच कला कोन करणारे अक्षर ओळखतो. कला म्हणजे अंशाचा साठावा भाग. सहा मीटरांवर असे अक्षर सुमारे ९ मिलिमीटरांचे असते, तीस मीटरांवर ४४ मिलिमीटरांचे. ही मर्यादा चांगल्या उजेडातील, तरुण आणि थांबलेल्या वाचकाची झाली. रात्र, गर्दी आणि वय धरून ती तिप्पट करावी, म्हणजे तीस मीटरांवरून वाचावयाच्या पाटीवर अक्षर १३ सेंटिमीटरांचे हवे. ताशी तीस किलोमीटर वेगाने मोटारसायकलवरून जाणारा मनुष्य सेकंदाला आठ मीटरांहून अधिक जातो. तीन ओळींची पाटी वाचण्यास त्याला तीन सेकंद लागले तर तेवढ्यात पंचवीस मीटर मागे पडतात. एका पाटीवर सहा-सात ओळी घालणे म्हणजे एकही न वाचविणे होय.

स्नेलनचे अक्षर रोमन होते आणि त्याची रेघ सोपी होती. तामिळ लिपीत दोन वेढ्यांचा न आणि तीन वेढ्यांचा ण अशी अक्षरे आहेत, त्यांना तामिळ भाषक त्याच नावांनी ओळखतात. देवनागरीत घ आणि ध, भ आणि म यांतील अंतर असेच बारीक आहे. तेवढ्याच उंचीच्या अक्षरात वळणे अधिक असली म्हणजे प्रत्येक वळणाच्या वाट्याला जागा कमी येते. म्हणून आपल्या लिप्यांची अक्षरे रोमन अक्षरांहून मोठी काढावी लागतात. आतून उजळणाऱ्या पाटीत आणखी एक अडचण येते: प्रकाश रेघेच्या कडांबाहेर पसरल्यासारखा दिसतो आणि वेढ्यांच्या आतील पोकळ्या बुजतात. सरकत जाणाऱ्या लाल अक्षरांच्या पाट्यांवर न आणि ण एकच होऊन जातात. अशा पाटीत रेघ बारीक आणि अक्षरांतील अंतर मोकळे ठेवावे. रेल्वेस्थानकांवरील पिवळ्या पाटीवरची काळी अक्षरे दुरून स्पष्ट दिसतात ती पार्श्वभूमी आणि अक्षर यांच्या उजळपणातील मोठ्या फरकामुळे.

नावांचा प्रश्न अक्षरांहून बिकट असतो. पुस्तकात बृहदीश्वर, भक्तांच्या तोंडी पेरुवुडैयार कोविल, आणि बाजारात नुसते पेरिय कोविल, म्हणजे मोठे देऊळ, मंदिर एकच. स्थानकावरच्या पाटीवर एक नाव, चौकात दुसरे आणि प्रवेशद्वारी तिसरे असले तर परगावच्या यात्रेकरूस आपण चुकलो असेच वाटते. कोणतेही एक नाव निवडावे आणि अखेरपर्यंत तेच ठेवावे. तामिळनाडूतील दुकानांच्या पाट्यांवर तामिळ, इंग्रजी आणि अन्य भाषा यांना ५:३:२ या प्रमाणात जागा देण्याचा नियम आहे. मार्गदर्शक पाट्यांसाठी हे प्रमाण वाईट नाही, मात्र तिसऱ्या भाषेचे अक्षर वाचनीय राहील एवढी मूळ पाटी मोठी पाहिजे. गर्दीच्या वेळी हे प्रश्न केवळ सोयीचे राहत नाहीत. कुंभकोणम् येथे बारा वर्षांनी येणाऱ्या महामहम् पर्वात १९९२ साली चेंगराचेंगरी होऊन अनेक यात्रेकरू मरण पावले. पुढचे पर्व २०२८ साली आहे. तळ्याकडे जाण्याची वाट सर्वांना ठाऊक असते; बाहेर पडण्याची वाट कोणती, हे सांगणाऱ्या पाट्या माणसांच्या डोक्यांवरून दिसतील इतक्या उंच आणि रात्रीही उजळलेल्या असाव्या लागतात.

येथे दिवा आणि पाटी यांची गाठ पडते. महामार्गांवरील चकाकत्या पाट्या ज्या कागदाच्या असतात, त्यातील सूक्ष्म काचमणी किंवा लोलक आलेला प्रकाश आल्या वाटेनेच परत पाठवितात. मोटारीच्या दिव्याचा झोत मोटारचालकाच्याच डोळ्यांकडे परततो, म्हणून त्याला पाटी झळकताना दिसते. पादचाऱ्यापाशी दिवा नसतो. त्याच्या दृष्टीने ती महागडी पाटी काळोखातच असते. राजवीथीत पाटी वाचणारे बहुसंख्य लोक पायी असल्यामुळे पाटीवर रस्त्यावरील दिव्याचाच उजेड पडला पाहिजे, आणि तो वाचकाच्या बाजूने पडला पाहिजे. पाटी दिव्याच्या खांबावरच ठोकली तर दिवा तिच्या डोक्यावर येतो, उजेड तिच्या पृष्ठभागाला घासून जातो आणि अक्षरे दिसत नाहीत. दिवा पाटीच्या मागे असला तर पाटी काळी आकृती होते. पाटीची योग्य जागा खांबाच्या थोडी पलीकडे, अशी की वाचक, दिवा आणि पाटी हे त्याच क्रमाने यावेत. हे नकाशावर पेन्सिलीने ठरविण्यास पाच मिनिटे लागतात. खांब आणि पाटी दोन्ही गाडल्यावर ते दुरुस्त करण्यास वर्षे जातात.

पाटी मोठी हवी असे वर म्हटले असले तरी तिच्या आकाराला वाऱ्याची मर्यादा आहे. १६ नोव्हेंबर २०१८ रोजी गजा चक्रीवादळ वेदारण्यम्‌जवळ किनाऱ्यावर आले आणि त्रिभुज प्रदेशातील विजेचे हजारो खांब आडवे झाले. वाऱ्याचा वेग मीटर-सेकंदांत घेऊन त्याच्या वर्गास ०.६ ने गुणले म्हणजे दर चौरस मीटरवरील दाब न्यूटनमध्ये मिळतो. ताशी १२० किलोमीटरच्या वाऱ्यात तो सुमारे ६७० न्यूटन होतो. तीन मीटर लांब आणि दोन मीटर उंच पाटीवर जवळजवळ ४०० किलोग्रॅमचा रेटा. मुंबईत घाटकोपर येथे १३ मे २०२४ रोजी जो जाहिरातीचा फलक कोसळून १७ जण दगावले तो सुमारे १२० फूट लांब आणि तितकाच उंच होता. ताशी ९० किलोमीटरच्या वाऱ्यातही एवढ्या फलकावर पन्नास टनांचा भार येतो. किनाऱ्याजवळच्या गावांत लहान आणि पुष्कळ पाट्या, मोठ्या आणि थोड्या पाट्यांपेक्षा शहाणपणाच्या ठरतात.

पाटीवर किती उजेड पडतो हे शाळेतील मुलांनाही मोजता येते. जाड पांढऱ्या कागदाच्या मधोमध खोबरेल तेलाचा एक थेंब जिरवावा. हा कागद पाटीच्या जागी, पाटीप्रमाणे उभा धरावा, म्हणजे एका बाजूवर रस्त्याच्या दिव्याचा उजेड पडेल. दुसऱ्या बाजूस काचेच्या चिमणीत ठेवलेली मेणबत्ती हळूहळू जवळ आणावी. इतर दिव्यांचा उजेड तिकडे येऊ नये म्हणून मागे काळे कापड धरावे. एका क्षणी तेलाचा डाग दिसेनासा होतो; तेव्हा दोन्ही बाजूंचा उजेड सारखा झाला असे समजावे. मेणबत्ती ५० सेंटिमीटरांवर असेल तर उजेड सुमारे ४ लक्स, ३५ वर असेल तर ८, २६ वर असेल तर १५ आणि १८ वर असेल तर ३०. दिव्याच्या आणि मेणबत्तीच्या रंगात फरक असल्यामुळे डाग पूर्ण नाहीसा होणार नाही; तो सर्वांत फिका दिसेल ते अंतर घ्यावे. एका राजवीथीतील सर्व पाट्यांची अशी मोजणी एका संध्याकाळी होते. तीच मोजणी सहा महिन्यांनी, दिव्यांच्या काचांवर धूळ आणि पावसाळ्यातील किडे साचल्यावर, पुन्हा करावी आणि दोन्ही आकडे शेजारी लिहावेत.